फोडणे आणि जोडणे : पृथक्करणाच्या शोधाची कथा



शंभराची बंदी नोट बाजारात मोडली की सुट्या नोटा आणि नाणी हातात येतात. ती मोजून पुन्हा एकत्र केली की शंभर भरतात; कमी नाहीत की जास्त नाहीत. आता दुसरी गोष्ट पहा. पाणी भरून आणताना मातीचा घडा हातून निसटला आणि फुटला. सगळ्या खापऱ्या एकूण एक गोळा केल्या, तरी त्यात पुन्हा पाणी राहत नाही. मोडणे दोन्हीकडे झाले, पण या दोन मोडण्यांत केवढे अंतर आहे! पहिल्या मोडीत हिशेब कायम राहिला, दुसऱ्या मोडीत वस्तूच गेली.

शास्त्रात आणि गणितात जिला पृथक्करण किंवा विघटन म्हणतात, ती क्रिया पहिल्या जातीची आहे. निदान ती तशी असावी, असा शास्त्रज्ञांचा आग्रह असतो. शाळेत मुले संधी सोडवतात, समासाचा विग्रह करतात, संख्येचे अवयव पाडतात. आणि व्याकरण या शब्दाचा मूळ अर्थच मुळी पदे सुटी करून दाखवणे असा आहे. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र एखादी गोष्ट फोडून तिचे घटक सांगितले, तर ते घटक खरे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर माणसाला सहजासहजी मिळालेले नाही. ते कसे मिळत गेले, आणि कोठे कोठे अजूनही जपून राहावे लागते, ते आज आपल्याला पाहायचे आहे.

आरंभ संख्यांपासून करू, कारण तेथे सर्व काही स्वच्छ दिसते. ६० ही संख्या घ्या. कोणी म्हणेल सहा दाहे साठ. कोणी म्हणेल पंधरा चोक साठ. दोन्ही बरोबर. पण ६ चे २ आणि ३, १० चे २ आणि ५ असे फोडत गेलो, आणि दुसरीकडे १५ चे ३ आणि ५, ४ चे २ आणि २ असे फोडत गेलो, तर शेवटी दोघांच्याही पाटीवर तेच उरते : २, २, ३ आणि ५. यापुढे फोड होत नाही. अशा न फुटणाऱ्या संख्यांना आपण मूळ संख्या म्हणतो. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिड याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात दाखवून दिले की, प्रत्येक संयुक्त संख्येला कोणती तरी मूळ संख्या भागतेच. पुढे नवव्या भागात त्याने हेही सिद्ध केले की मूळ संख्यांना अंत नाही.

कोणत्याही वाटेने गेले तरी शेवटी तेच अवयव मिळतात, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झालेली असते की तिच्यात नवल वाटत नाही. पण शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एक गंमत करून पहा. मुलांना सांगा की, या गावात फक्त सम संख्या राहतात. विषम संख्यांना वेशीच्या आत प्रवेश नाही. आता या गावात ज्या संख्येचे दोन सम अवयव पडत नाहीत, ती न फुटणारी. २, ६, १०, १४, १८, ३० या सगळ्या न फुटणाऱ्या झाल्या. मग ६० ची फोड करा. २ गुणिले ३० ही एक फोड, आणि ६ गुणिले १० ही दुसरी. दोन्ही शेवटच्या, दोन्ही निरनिराळ्या! म्हणजे फोड एकच असणे हा काही आपोआप मिळणारा हक्क नव्हे. आपल्या नेहमीच्या संख्यांत ती एकच असते, याची स्पष्ट मांडणी आणि सिद्धता कार्ल फ्रीडरिश गाउस याने १८०१ साली आपल्या अंकगणितावरील ग्रंथात दिली. त्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता.

ही केवळ वर्गातली गंमत नाही. १८४७ च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गाब्रिएल लामे याने फर्माचा प्रसिद्ध प्रश्न सोडवल्याचे जाहीर केले. त्याने एका नव्या जातीच्या संख्या वापरल्या होत्या, आणि त्यांचीही फोड एकच असते असे गृहीत धरले होते. लिऊव्हिल हा गणिती उठला आणि त्याने नेमक्या याच गृहीतावर बोट ठेवले. पुढे कळले की जर्मनीत एर्न्स्ट कुमर याने हे गृहीत खोटे असल्याचे आधीच दाखवून दिले होते. लामेचा सगळा डोलारा कोसळला. एवढ्या मोठ्या गणितीला जो प्रश्न विचारायचे सुचले नाही, तो सम संख्यांच्या गावात चौथीतला मुलगाही विचारू शकतो.

आपल्याकडेही अवयव पाडण्याचा स्वतंत्र विचार झालेला आहे. नारायण पंडिताच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त एक अख्खे प्रकरण या विषयाला दिलेले आहे. त्यातील एक युक्ती अशी : दिलेल्या संख्येत असा वर्ग मिळवावा की बेरीजही वर्ग व्हावी. उदाहरणार्थ, २४९१ ही संख्या घेऊ. तिच्यात ३ चा वर्ग, म्हणजे ९ मिळवले की २५०० होतात. तो ५० चा वर्ग आहे. मग ५० वजा ३ आणि ५० अधिक ३, म्हणजे ४७ आणि ५३ हे झाले अवयव. युरोपात हीच युक्ती फर्मा याने १६४३ साली वापरली आणि २०२७६५१२८१ या संख्येचे ४४०२१ आणि ४६०६१ असे अवयव काढून दाखवले.

या दहा आकडी संख्येवरून एक गोष्ट ध्यानात येते. ४४०२१ ला ४६०६१ ने गुणणे हे पाचवी-सहावीतल्या मुलाचे काम आहे. पण गुणाकार हाती देऊन अवयव विचारले, तर भल्याभल्यांना घाम फुटेल. जोडणे सोपे, फोडणे कठीण. या कठीणपणाचाच उपयोग करून १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेश पाठवण्याची एक रीत काढली. त्याच वर्षी १२९ आकड्यांची एक संख्या जगापुढे आव्हान म्हणून ठेवण्यात आली. तिचे अवयव १९९४ साली निघाले, आणि त्यासाठी सुमारे सहाशे स्वयंसेवकांना आपले संगणक कित्येक महिने कामाला लावावे लागले. संगणकावर बँकेचे व्यवहार सुरक्षितपणे चालावेत म्हणून जी कुलुपे लावली गेली, त्यांतली पुष्कळशी याच तत्त्वावर बनलेली आहेत.

असो. संख्या कागदावर फुटते. पण डोळ्यांसमोरची वस्तू फोडायची असेल तर काय? येथे आपल्याला सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जायला हवे.

काचेच्या त्रिकोणी लोलकातून ऊन गेले की भिंतीवर रंग उमटतात, हे न्यूटनच्या पुष्कळ आधीपासून माहीत होते. पण त्याचा अर्थ लोक वेगळा लावीत. पांढरे ऊन शुद्ध. काच त्याला बाधवते, म्हणून रंग दिसतात, अशी समजूत होती. स्वच्छ पाणी कुंकवाच्या हाताने ढवळले म्हणजे तांबडे होते, तसा हा प्रकार. आयझॅक न्यूटनने १६६६ च्या सुमारास खोली अंधारी केली, खिडकीच्या फळीला बारीक भोक पाडले आणि तेथून येणारी उन्हाची तिरीप लोलकातून समोरच्या भिंतीवर पाडली. भोक गोल होते. म्हणून ठिपकाही गोल पडायला हवा होता. तो पडला लांबट, रुंदीच्या सुमारे पाचपट लांबीचा. न्यूटनला खटकले ते येथे. रंगांचे कौतुक सारेच करीत होते. या माणसाने लांबी मोजली.

मग त्याने त्या रंगीत पट्ट्यातला एकच रंग एका भोकातून पुढे सोडला आणि दुसऱ्या लोलकातून नेला. काच जर रंग निर्माण करीत असेल, तर तिने येथेही नवे रंग काढायला हवे होते. पण तांबडा तांबडाच राहिला, निळा निळाच राहिला. फक्त निळा जास्त वळला आणि तांबडा कमी वळला. म्हणजे हे रंग मूळ संख्यांसारखे, पुढे न फुटणारे. पण न्यूटन एवढ्यावर थांबला नाही. त्याने पसरलेले सारे रंग एका भिंगाने पुन्हा एका ठिकाणी गोळा केले, आणि तेथे पूर्वीसारखे पांढरे ऊन पडले. वाटेत एखादा रंग अडवला की पांढरेपणा बिघडे. काचेने उन्हात काही मिसळले नव्हते; उन्हात जे होते तेच तिने वेगळे केले होते. न्यूटनचे हे पत्र १६७२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले. रॉबर्ट हुकसारख्यांनी त्यावर कडक आक्षेप घेतले आणि वाद पुष्कळ वर्षे चालला. पण भिंगाखाली पुन्हा पांढरे झालेले ऊन कोणालाच नाकारता आले नाही.

या फोडीतून पुढे काय काय निघाले, ते ऐकण्यासारखे आहे. १८१४ साली जोसेफ फ्राउनहोफर या काच घडवणाऱ्या कारागिराने सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेघा मोजल्या. १८५९-६० मध्ये किर्खोफ आणि बुनसेन यांनी त्या रेघांचा अर्थ लावला : प्रत्येक मूलद्रव्याच्या स्वतःच्या ठरावीक रेघा असतात. त्यामुळे सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते सांगता येऊ लागले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण लागले. त्या दिवशी आंध्रातील गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पुढे ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर याने ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. त्यांत एक पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा हे मूलद्रव्य नवे आहे असे लॉकयरने म्हटले, आणि ग्रीक भाषेतील सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू रॅमझे याला सापडला तो १८९५ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

येथे कोकणातील श्रोत्यांना विजयदुर्ग आठवेल. हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. लॉकयर विजयदुर्गला आला होता हे खरे. पण तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ साली तो इंग्लंडात होता. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही. त्याच १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला होता, हेही आपल्या मुलांना सांगावे.

उजेडाची ही फोड निर्धोक होती. पण ज्याच्यावर सगळी शेती आणि सगळे जीवन उभे आहे, ते पाणीच जर कोणी फोडायला निघाला तर? युरोपात दोन हजार वर्षे पाणी हे चार मूलतत्त्वांपैकी एक मानले जात होते. पाणी पुनःपुन्हा उकळले की तळाशी माती उरते, म्हणून पाण्याची माती होते, असेही काही विद्वान म्हणत. पॅरिसच्या आंत्वान लाव्हाझिए याने काचेच्या बंद भांड्यात पाणी एकशे एक दिवस सतत उकळत ठेवले आणि सगळ्याचे वजन केले. जेवढी माती तळाशी उरली होती, जवळजवळ तेवढेच वजन भांड्याचे घटले होते. माती पाण्याची नव्हती, काचेची होती! १७७० साली त्याने हे जाहीर केले. लाव्हाझिएचे खरे हत्यार कोणते म्हणाल, तर तराजू.

इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश याने दोन वायू एकत्र पेटवून पाणी तयार होते हे पाहिले होते. ते कळल्यावर लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी २४ जून १७८३ रोजी पॅरिसमध्ये मंडळींसमोर तसाच प्रयोग केला. पण जोडून दाखवले एवढ्याने भागणार नव्हते. फोडूनही दाखवायला हवे होते. लाव्हाझिएने मनिए या लष्करी अभियंत्याला बरोबर घेतले. लोखंडी बंदुकीची नळी भट्टीत लालबुंद तापवायची आणि तिच्यातून पाणी थेंबथेंब सोडायचे. पाण्यातला ऑक्सिजन लोखंड धरून ठेवी, त्यामुळे लोखंडाचे वजन वाढे. आणि दुसऱ्या टोकातून हायड्रोजन बाहेर येई. १७८५ च्या फेब्रुवारीअखेरीस त्याने मोठमोठ्या विद्वानांना बोलावून त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी फोडले, आणि त्या दोन वायूंपासून पुन्हा पाणी केले. वजनाचा हिशेब दोन्ही वेळा मांडला. आज आपण अधिक नेमके सांगतो की, नऊ भार पाण्यात आठ भार ऑक्सिजन आणि एक भार हायड्रोजन असतो. बंद्या नोटेची मोड आणि मोडीची पुन्हा नोट, हिशेब जुळला.

त्याच लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्याची एक नवी व्याख्या दिली. मूलद्रव्य म्हणजे जगाचे अंतिम बीज, असे तो म्हणत नाही. ज्याची आणखी फोड आपल्याला आजवर करता आलेली नाही, ते मूलद्रव्य. या ‘आजवर’मध्ये केवढी सावधगिरी आहे, पहा. त्याच्या यादीत तेहतीस नावे होती. त्यात चुनाही होता. पण चुन्याचीही पुढे फोड होईल अशी शंका त्याने स्वतःच बोलून दाखवली होती. १८०८ साली हंफ्री डेव्ही याने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळे केले, आणि ती शंका खरी ठरली. ते पाहायला लाव्हाझिए नव्हता. तो राजाचा सारा वसूल करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता, आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. पाणी फोडून पुन्हा जोडणाऱ्याची ही अखेर. ती मोड मात्र कोणाला जोडता येण्यासारखी नव्हती.

आतापर्यंत आपण ज्या फोडी पाहिल्या, त्यांत घटक मोजके होते किंवा डोळ्यांना दिसत तरी होते. याच्या पुढची पायरी एका फ्रेंच सरकारी अधिकाऱ्याने गाठली. झोझेफ फूरिये हा ग्रनोब्ल येथे जिल्ह्याचा मुख्य अधिकारी होता. रस्ते, दलदली, सरकारी कागद यांतून वेळ काढून तो एका प्रश्नाचा विचार करी : तापलेल्या लोखंडात उष्णता कशी पसरते? लोहाराच्या भट्टीतून काढलेली कांब डोळ्यांसमोर आणा. एक टोक लाल, दुसरे गार. मध्ये उष्णता कशीही कमीजास्त. हा वेडावाकडा चढउतार फूरियेने साध्या लाटांत फोडला : एक लांब लाट, तिच्या निम्म्या लांबीची दुसरी, तिसऱ्या हिश्शाची तिसरी, अशा न संपणाऱ्या. प्रत्येक लाट एकटी घेतली तर ती कशी विरेल हे सांगणे सोपे होते. आखूड लाटा लवकर विरतात, लांब लाटा सावकाश. प्रत्येकीचे वेगळे गणित करायचे आणि शेवटी सगळ्यांची बेरीज घ्यायची, की कांबीची कोणत्याही क्षणीची स्थिती मिळते. एक अवघड प्रश्न फोडून पुष्कळ सोपे प्रश्न करायचे, हेच पृथक्करणाचे खरे मोल.

२१ डिसेंबर १८०७ रोजी हा निबंध पॅरिसमध्ये सादर झाला. परीक्षकांत लाग्रांज, लाप्लास यांच्यासारखे दिग्गज होते. गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून कोपऱ्यांची, तुटक रेघ कशी निघेल, असा लाग्रांजचा आक्षेप होता, आणि तो काही पोरकट नव्हता. १८१२ च्या आरंभी फूरियेला बक्षीस मिळाले, पण सिद्धता पुरेशी काटेकोर नाही असा शेराही मिळाला. त्याचा ग्रंथ निघाला १८२२ मध्ये. आणि ही बेरीज मूळ आकृतीशी केव्हा जुळते, याची पक्की सिद्धता डिरिक्ले या तरुण गणितीने १८२९ मध्ये दिली. येथेही वाद होता तो फोडीविषयी नव्हता. ते तुकडे परत जोडून मूळ वस्तू मिळते की नाही, याविषयी होता.

कोळी बांधवांना याचे प्रत्यंतर रोज येते. समुद्राची भरती कधी उधाणाची, कधी भांगाची. ती एका कारणाने चढत नाही. चंद्राची एक लाट सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांची, सूर्याची बरोबर बारा तासांची, आणि शिवाय कितीतरी लहान लाटा. दोन्ही मोठ्या लाटा एकत्र आल्या की उधाण, एकमेकींच्या आड आल्या की भांग. लॉर्ड केल्विनने बंदरातील नोंदींवरून या लाटा वेगळ्या काढण्याची रीत बसवली आणि १८७२-७३ मध्ये त्या पुन्हा मिळवून पुढची भरती वर्तवणारे चाकांचे यंत्र बनवले. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असे एक यंत्र १८७९ मध्ये लंडनला तयार झाले. मुंबईच्या अपोलो बंदरातील भरतीओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आणि रेडिओचेच पहा ना! पेटीच्या तारेवर एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी येऊन आदळत असतात. खुंटी फिरवून आपण त्या गर्दीतून एक लहर वेगळी काढतो, तेव्हा फूरियेचेच काम आपण बोटांनी करीत असतो.

आता शेवटचा विषय, आणि शेतकरी बंधूंच्या जिव्हाळ्याचा. आपली जमीन कशाची बनली आहे? १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. पिके जाळून त्यांच्या राखेचे पृथक्करण करावे, त्यात जे क्षार सापडतील ते पिकाने जमिनीतून घेतले असे समजावे, आणि तेवढेच जमिनीला परत द्यावे, असे त्याचे सांगणे होते. सांगणे चोख होते आणि त्यात मोठे सत्यही होते. पुढच्या काळात जी खते आली, ती याच विचारातून आली. पण लीबिगने १८४५ च्या सुमारास स्वतःचे खत बाजारात आणले, आणि ते फसले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्याने क्षार असे वितळवून घट्ट केले होते की, ते मुळांनाही मिळेनात. शिवाय नत्र पिकाला हवेतून पुरेसे मिळते असा त्याचा समज होता. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून चालवलेल्या शेतप्रयोगांनी तो खोटा ठरवला. राखेत नत्र उरत नाही, ते धुरातच निघून जाते. म्हणजे फोड करतानाच एक घटक हातचा सुटला होता, आणि ते कळले केव्हा, तर जोडणीची वेळ आली तेव्हा. तराजूने जे सांगितले नाही, ते पिकाने सांगितले.

जमिनीत दुसरेही एक विघटन सतत चालू असते, आणि ते करणारे रसायनशास्त्रज्ञ डोळ्यांना दिसत नाहीत. पालापाचोळा, धसकटे, शेण हे सारे जीवाणू आणि बुरशी फोडत असतात. आपण त्याला कुजणे म्हणतो आणि नाक मुरडतो. पण ते थांबले तर पाना-काडीत अडकलेले नत्र आणि स्फुरद पुन्हा मुळापर्यंत पोहोचणार नाही. इंदूरच्या शेतकी संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी या कुजण्याला शिस्त लावली. काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती, राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, हवा खेळती ठेवायची आणि ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली या कामावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इंदूर पद्धतीचे खत हे नाव जगभर गेले. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या आणि चीनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या रीतींपासून आपण शिकलो, हे हॉवर्ड मोकळेपणाने सांगत.

यातून रासायनिक खत वाईट आणि कंपोस्ट चांगले, असा निवाडा मला द्यायचा नाही. माती तपासून घ्यावी; नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे जरूर पाहावेत. मात्र त्या कागदावरचे आकडे म्हणजे जमीन नव्हे. तेवढे क्षार मोजून एका घमेल्यात ओतले, तर त्याचे शेत होत नाही. त्यात ओल धरणारा ह्यूमस नाही, गांडूळ नाही, जीवाणू नाहीत. जी फोड आपल्याला परत जोडता येत नाही, ती उपयोगाची असू शकते, पण ती अपुरी आहे हे ध्यानात ठेवून वापरावी लागते.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. ही फोड कोठे थांबली, आणि का थांबली? दुसऱ्या वाटेने गेलो तर हीच फोड येईल काय? आणि हे तुकडे परत जोडले, तर मूळची वस्तू मिळते काय? गाउसने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, लाव्हाझिएने पहिल्याचे प्रामाणिकपणे दिले, आणि न्यूटनने भिंग धरून तिसऱ्याचे दिले. अवयव पाडल्यावर मुलाने ते स्वतः गुणून पाहिले, तर ताळा करण्याची ही रीत त्याच्या अंगवळणी पडेल. पुढे माती तपासल्याचा कागद हाती आला, तरी तो तोच प्रश्न विचारील.